नाणेघाटातील प्रतिमा आणि राणी नागनिका

कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्याशी एक लेणे आहे. त्याच्या मागील भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज तेथे पावलांचे काही अवशेष आणि वर कोरलेली नावे एवढेच उरले आहे. मथुरेजवळच्या कनिष्काच्या पुतळ्याचे मस्तक गेले, तरी त्याचा अंगरखा व जाड पादत्राणे राहिली. नागनिकेच्या प्रतिमेचे तेवढेही भाग्य नाही.

नागनिका ही एका महारठीची कन्या व पहिल्या सातकर्णीची राणी. तिचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीचे पहिले शतक मानला जातो. काही अभ्यासक तो आणखी मागे नेतात. प्रतिमांच्या ओळीत एका महारठीचेही नाव आहे. तो तिचा पिता असावा, असा तर्क केला जातो. तसे असेल तर राजकुलाच्या या शिल्पपटात माहेरालाही स्थान मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे.

आता नामलेखांची भाषा पाहा. ती प्राकृत आहे. कुमारांची व महारठीची नावे प्रथमा विभक्तीत आहेत. राजाराणीची मात्र षष्ठीत, म्हणजे 'प्रतिमा' हा शब्द तेथे अध्याहृत धरावा लागतो. दोघांचा नामलेख एकच असून त्यात राणीचे नाव आधी येते. दोघांची नावे असलेले चांदीचे नाणेही उपलब्ध आहे. या क्रमावरून तिच्या अधिकाराविषयी फार मोठा निष्कर्ष काढू नये. परंतु तो दुर्लक्षिण्याजोगाही नाही.

बाजूच्या भिंतींवरील ब्राह्मी लिपीतील दीर्घ लेख जागोजागी तुटला आहे. त्यातील राणी नागनिकाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अश्वमेधासह अनेक यज्ञ, आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण यांचे आकडे लेखात अंकचिन्हांनी नोंदले आहेत. हा झाला राजवैभवाचा भाग. त्याच लेखात वेदिश्री या पुत्राची माता म्हणून तिचा उल्लेख येतो, आणि मग विशेषणांचा सूर बदलतो: महिनाभर उपवास करणारी, घरातच तपस्विनीसारखी राहणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, दीक्षाव्रतांत निपुण. पतिनिधनानंतर अल्पवयीन पुत्राच्या वतीने तिने राज्यकारभार पाहिला, असा अर्थ येथून घेतला जातो.

शिल्पकाराने तिच्या मुद्रेवर हे वैराग्य दाखवले होते की राणीपणाचा दिमाख, हे सांगणारा दगड आता नाही. तिच्या अंतर्मनाकडे नेणारी वाट लेण्यातील या विशेषणांमधूनच जाते.