अटक आणि कोपरगाव
श्रीमंत रघुनाथराव पेशव्यांचे नाव निघाले की आपणांस अटक आठवते. वास्तविक १७५८ साली दादासाहेब लाहोराहूनच मागे फिरले. अटकेस पोहोचले ते त्यांचे सरदार. पुढच्याच वर्षी अब्दालीने पंजाब परत घेतला. पेशवाईस राहिले ते मोहिमेचे कर्ज. तरी राघोभरारीची कीर्ती वाढतच गेली.

१७७३ साली नारायणरावांच्या खुनानंतर दादांचा पक्ष त्या कीर्तीवरच विसंबला. आपल्या बडोद्याचे गोविंदराव गायकवाडही तिकडे ओढले गेले. बारभाईंपुढे कीर्ती टिकेना, तेव्हा १७७५ साली सुरतेच्या तहात दादांनी चिमाजीअप्पांनी जिंकलेली वसई इंग्रजांस लिहून दिली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्या पदरी दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक तेवढी पडली. १७८३ साली कोपरगावी त्यांचा अंत झाला.

अटकेचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु कीर्तीच्या भरवशावर पक्ष चालवू पाहणाऱ्यांनी कोपरगाव विसरू नये.