ट्रॉट्स्कींचे ‘सुरक्षित’ वास्तव्य

निर्वासिताचा अर्ज फेटाळताना सरकारे एक युक्तिवाद हमखास पुढे करतात. अर्जदाराला अन्य देशात सुरक्षित वास्तव्य उपलब्ध आहे, मग आमच्याच दारी तो का? युरोपीय कायद्यातील ‘सुरक्षित तिसरा देश’ ही संज्ञा त्या मानाने नवी. वाद मात्र जुना. लिओन ट्रॉट्स्की यांच्या अखेरच्या अकरा वर्षांत तो लख्खपणे दिसतो.

लाल सेनेच्या या शिल्पकाराला स्टालिनच्या राजवटीने फेब्रुवारी १९२९ मध्ये ओडेसाहून जहाजाने इस्तंबूलला धाडले. केमाल पाशांच्या सरकारने त्यांना ठेवून घेतले आणि प्रिंकिपो बेटावर त्यांचे बिऱ्हाड थाटले गेले. परंतु यादवी युद्धात त्यांनीच पराभूत केलेले श्वेत रशियन त्याच शहरात वावरत होते आणि अंकाराचे मॉस्कोशी सख्य होते. त्यांनी जर्मनी व ब्रिटनकडे प्रवेश मागितला. एकीकडे सोशल डेमोक्रॅट, दुसरीकडे मजूर पक्ष. नकार मात्र दोघांचाही. आश्रय देणे हा राज्यसंस्थेचा अधिकार आहे, मागणाऱ्याचा हक्क नव्हे, अशी ब्रिटिश गृहमंत्री क्लाइन्स यांची भूमिका होती. त्यांच्या डोक्यावर छप्पर आहे, ही जाणीव अशा नकारांना सोयीची ठरली असणार. फेब्रुवारी १९३२ मध्ये सोव्हिएत नागरिकत्वही गेले, आणि ते छप्पर सर्वस्वी यजमानाच्या मर्जीवर उरले.

१९३३ मध्ये फ्रान्सने प्रवेश दिला. पुढच्याच वर्षी हद्दपारीचा हुकूम निघाला. पण कोणताच देश घेईना, म्हणून तो अमलात आला नाही. १९३५ मध्ये नॉर्वेच्या मजूर सरकारने आश्रय दिला. ऑगस्ट १९३६ च्या मॉस्को खटल्यानंतर सोव्हिएत दडपण वाढले, तेव्हा न्यायमंत्री त्रिग्वे ली यांनी पाहुण्याला स्थानबद्ध केले. डिसेंबरात मेक्सिकोने दार उघडताच ट्रॉट्स्कींना ‘रुथ’ या तेलवाहू जहाजावर चढविण्यात आले. अन्य देश उपलब्ध झाला होता, जबाबदारी संपली होती! हेच ली पुढे संयुक्त राष्ट्रांचे पहिले सरचिटणीस झाले आणि १९५१ चा निर्वासितविषयक करार त्यांच्याच कारकिर्दीत संमत झाला. वास्तव्याच्या देशात नागरिकांसारखे हक्क व कर्तव्ये मान्य झालेल्यांना तो करार लागू होत नाही. ही कसोटी नुसत्या राहण्याच्या परवान्याहून बरीच कडक आहे. तुर्कस्तानातील किंवा नॉर्वेतील ट्रॉट्स्की तिला उतरले नसते. भारताने या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे दिल्लीत अशा प्रकरणांचा निर्णय बव्हंशी प्रशासकीय विवेकावर राहतो, हे फायली हाताळणाऱ्या वाचकांना सांगायला नको.

९ जानेवारी १९३७ रोजी ते टँपिको बंदरात उतरले. राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांनी हातचे न राखता आश्रय दिला होता. २४ मे १९४० च्या पहाटे कोयोआकानमधील घरावर सशस्त्र हल्ला झाला, त्यानंतर तटबंदी वाढविण्यात आली. २० ऑगस्टला मारेकरी परिचित म्हणून दारातूनच आत आला. दुसऱ्या दिवशी ट्रॉट्स्की यांचे निधन झाले. पत्नी नातालिया सेडोवा त्यानंतरही कित्येक वर्षे त्याच घरात राहिल्या.