बाबासाहेबांची सहल आणि दौलताबादचा हौद

माजलगावहून गेवराईमार्गे दौलताबाद-वेरूळची सहल काढायची म्हटले की आपण गाडीचे भाडे, जेवण आणि वर्गणी यांचा हिशोब करतो. वाटेत पाणी कुठे मिळेल, आणि मुख्य म्हणजे कोण पिऊ देईल, हा प्रश्न आजच्या पोरांच्या डोक्यात येत नाही. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसोबत याच बाजूला निघाले, तेव्हा सहलीची सगळी आखणी त्या एका प्रश्नाभोवती करावी लागली होती.

बाबासाहेबांचे चरित्र आपण बहुधा पदव्या, परिषदा आणि संविधान या क्रमाने सांगतो. मला ते त्यांच्या प्रवासांतून सांगावेसे वाटते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीम दहा वर्षांचा असताना, १९०१ मध्ये, भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. नवे कपडे, आगगाडीचे अप्रूप. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली, पण ती मुलांनीच हाकायची, या अटीवर. सोबत जेवण होते, पाणी मात्र रात्रभर कुणी दिले नाही.

पुढे हा मुलगा कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकला. परत आल्यावर १९१७ मध्ये बडोद्यात त्याला राहायला जागा मिळाली नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. १९२९ मध्ये चाळीसगावला एकही टांगेवाला त्यांना नेईना, म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने लगाम हाती घेतला. टांगा उलटला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

एवढे सगळे पाठीशी असलेला माणूस १९३४ मध्ये सहलीला निघाला. सहलीची हौस सहकाऱ्यांची होती, बाबासाहेबांनी सोबत यावे हा आग्रहही त्यांचाच. काही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. सुमारे तीस जण, भाड्याच्या बस आणि मोटारी, नाशिकहून येवलामार्गे औरंगाबादचा रस्ता. कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता. जिथे मुक्काम असेल तिथल्या आपल्या माणसांनाच काय तो निरोप. गोलमेज परिषदांना जाऊन आलेला बॅरिस्टर आपल्याच मुलखातला किल्ला पाहायला गुपचूप निघाला होता.

येवल्याच्या पुढे निजामाचे राज्य लागे. आपला बीड जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात होता. दौलताबादला वस्तीतली माणसे चहा-फराळ घेऊन वेशीवर थांबली होती. घशाला कोरड पडली असूनही मंडळी आधी किल्ल्याकडे गेली, कारण दिवस मावळायच्या आत तो पाहून व्हायला हवा होता. रामदेवराव यादवांची ही राजधानी, ती न पाहता पुढे जाणे कुणालाच पटले नसते.

दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला एक लहान हौद होता, भोवती रुंद फरशी. रस्त्याच्या धुळीने सगळे माखलेले. काहींनी फरशीवर उभे राहून तोंड-हातपाय धुतले आणि आत जाण्याची परवानगी विचारायला दरवाजाशी आले. रमजानचा महिना होता. मागून एक वृद्ध मुसलमान ओरडत आला, की यांनी हौद बाटवला. बघता बघता गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. पाहुण्यांना आधी का सांगितले नाही, म्हणून गावातल्या आपल्या लोकांवरही जमाव तुटून पडला. त्यांची अवस्था मला पाहुण्यांपेक्षा बिकट वाटते. पाहुणे संध्याकाळी निघून जाणार होते, यांना तिथेच राहायचे होते.

बाबासाहेबांनी जमावाला सरळ विचारले, की तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि यांच्यातला कुणी उद्या मुसलमान झाला तर त्यालाही हे पाणी अडवाल का. जमाव गप्प झाला. पहारेकऱ्याने नाव कागदावर लिहून वरिष्ठाकडे नेले आणि परवानगी आणली: किल्ला पाहा, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. लक्ष ठेवायला बंदूकधारी शिपाई सोबत दिला. समतेची शिकवण देणाऱ्या धर्माचे लोकही जातीपुढे असे वागतात, हे त्या दिवशी तीस जणांनी पाहिले.

ज्या येवल्याहून या गाड्या गेल्या, तिथेच १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. दौलताबादमुळे हे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण दुसरा धर्म निवडायला त्यांनी एकवीस वर्षे का घेतली, हे समजून घेताना तो हौद विसरून चालणार नाही.

ज्या मुलखात पाण्याला हात लावू दिला नाही, त्याच मुलखात पुढे त्यांनी कॉलेज काढले. १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० मध्ये औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय सुरू झाले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी त्याची कोनशिला बसवली. कॉलेजला नाव मिलिंद, परिसराला नागसेनवन: प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू. मराठवाड्यातल्या आपल्या कितीतरी घरांतली पहिली पदवी इथूनच आली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर अवघ्या काही आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले.

आमच्या सहलींत अर्धा दिवस कैलास लेण्यासमोर फोटो काढण्यात जातो आणि १ ते १२ क्रमांकाची बौद्ध लेणी घाईत उरकली जातात. दौलताबादला तर चढ किती आहे एवढीच चौकशी होते. गेल्या वेळी किल्ल्याच्या दरवाजाबाहेर मुलांना बसवून ही सगळी हकिगत सांगितली. नववीतली एक मुलगी हातातली पाण्याची बाटली तशीच धरून ऐकत होती. तिने विचारले, की ज्यांनी चहा-फराळ आणला होता, त्या गावातल्या लोकांचे नंतर काय झाले?