कै. जे. आर. डी. टाटा : एक सावध वैमानिक

विमानाचें नांव काढलें कीं, आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें उंच आकाश उभें राहतें. परंतु वैमानिकाची खरी परीक्षा पुष्कळदां जमिनीवरच, विमान धांवूं लागतें त्या घटकेस होते. हें ज्यांच्या चरित्रांत आम्हांस स्पष्ट दिसतें, ते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा होत.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजीं पॅरिस येथें झाला. वडील पारशी, मातोश्री फ्रेंच. १९०९ सालीं विमानानें इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओचें घर फ्रान्सच्या समुद्रकांठीं त्यांच्या घराजवळ होतें. तेथेंच त्यांस उड्डाणाचा ध्यास लागला. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं हिंदुस्थानांत दिलेला पहिला वैमानिकाचा परवाना त्यांस मिळाला. पुढें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं, वयाच्या २८ व्या वर्षीं, ते कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाच्या लहानशा 'पस मॉथ' विमानानें अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल बल्लारीमार्गें मद्रासेस नेलें. नकाशावर अहमदाबादेपासून जुहूपर्यंत सरळ रेघ ओढून पाहावी. ती आपल्या वसईच्या अगदीं जवळून जाते.

जुहूचें तें मैदान म्हणजे समुद्रकांठची सखल माती. पावसाळा लागला कीं तेथें चिखल होई. भातखाचरांत रुतलेलें गाडीचें चाक आपण वसईकरांनीं पाहिलेंच आहे. विमानाचें चाक तसें रुतूं लागलें, तर उड्डाणापुरता वेग येण्यापूर्वींच मैदान संपतें; आणि वैमानिकानें अधीर होऊन विमानाचें नाक वर उचललें, तर पंखांस हवेचा आधार न राहून तें कोसळतें. उडतांच इंजिन बंद पडल्यास मागें वळण्याचा मोह होतो; पण उंची व वेग थोडे असल्यानें तें वळणच प्राणघातक ठरतें. खुद्द विल्बर राइट यांसही हा धडा शिकावा लागला. १४ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेंतील किल डेव्हिल हिल्सच्या निर्जन वाळूवर त्यांनीं विमान प्रमाणाबाहेर वर चढविलें, आणि साडेतीन सेकंदांत तें खालीं आदळलें. दुरुस्तीनंतर १७ तारखेस त्यांचे बंधु ऑर्व्हिल यांनीं तेंच विमान यशस्वीपणें उडविलें.

टाटा शूर होते. पण चिखलाशीं त्यांनीं पैज लावली नाहीं. पावसाळ्यांत ते आपलें सारें बिऱ्हाड पुण्यास, येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर हलवीत. पुणें उंचावर असल्यामुळें तेथील हवा किंचित् विरळ, व विमानास धांव अधिक घ्यावी लागते. तरी तेथें पाऊस जुहूपेक्षां पुष्कळ कमी. या सावधगिरीनें काम अडलें म्हणावें, तर तसेंही नाहीं. भर पावसाळ्यांतसुद्धां टपाल वेळेवर पोंचल्याची नोंद सरकारच्या १९३३-३४ च्या अहवालांत झाली आहे.

त्या रोपट्याचा पुढें वृक्ष झाला. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें विमान प्रथम मुंबईहून लंडनला निघालें. १९५३ सालीं ती संस्था सरकारनें आपल्याकडे घेतल्यावरही १९७८ पर्यंत टाटा तिचे अध्यक्ष राहिले. १९८२ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, त्यांनीं कराची ते मुंबई हा प्रवास लहान विमान स्वतः चालवून पुनः केला. १९९२ सालीं त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला, आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजीं जिनिव्हा येथें त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, आभाळ पाहून होडी किनाऱ्यावरच ठेवणाऱ्या पाचूबंदरच्या तांडेलास आपण भित्रा म्हणत नाहीं. त्याच्या घरचीं माणसें त्या दिवशीं निर्धास्त झोंपतात. टाटांच्या वैमानिकांच्या घरींही जुहूच्या पावसाळ्यांत तसेंच झालें असेल, असें आम्हांस वाटतें.