बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नाइस्मिथ

बास्केटबॉलचा खेळ आज शाळाशाळांतून रूढ आहे. परंतु ज्या गृहस्थांनीं तो जगास दिला त्यांचें चरित्र फार थोड्यांस ठाऊक असतें. क्रीडापटूंचीं चरित्रें बहुधा विजयांच्या गणतीनें भरलेलीं असतात. हें चरित्र तसें नाहीं, आणि म्हणूनच तें आमच्या वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें.

जेम्स नाइस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजीं कॅनडांतील आल्मॉन्ट गांवाजवळ झाला. १८७० सालीं विषमज्वरानें आईबाप दोघेही निवर्तले आणि अवघ्या आठनऊ वर्षांचें हें पोर भावंडांसह मामाच्या आश्रयास आलें. पुढें शाळा अर्ध्यावर सोडून जेम्स यांनीं कांहीं वर्षें जंगलांत लाकडें तोडण्याचें काम केलें. परंतु वय वाढलें असतांही लाज न बाळगतां ते पुन्हा शाळेंत बसले. १८८७ सालीं ते माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठाचे पदवीधर झाले, आणि १८९० सालीं त्याच शहरीं प्रेसबिटेरियन पंथाच्या महाविद्यालयांत त्यांनीं ईशज्ञानाचा अभ्यास पुरा केला.

धर्मोपदेशकाचा मार्ग ठरलेला होता. पण तरुणांस वळण लावण्याचें कार्य जसें उपदेशानें तसेंच खेळानेंही साधतें, अशी त्यांची खात्री झाली होती. हा विचार त्यांच्या निकटच्या माणसांस रुचला नाहीं. तरी ते अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए.च्या शिक्षणसंस्थेंत गेले.

१८९१ च्या हिवाळ्यांत तेथें एक अवघड वर्ग त्यांच्या गळ्यांत पडला. बाहेर बर्फ, आंत कवायतीस कंटाळलेले अठरा दांडगे विद्यार्थी. वरिष्ठ अध्यापक ल्यूथर ग्यूलिक यांनीं नवा खेळ शोधण्यास चौदा दिवसांची मुदत दिली होती. मैदानी खेळ आंत आणून पाहिले, तों धक्काबुक्कीच वाढली. तेव्हां नाइस्मिथ यांनीं मूळ कारणाचा विचार केला. चेंडू घेऊन धांवण्याची मुभा असली म्हणजे धांवणाऱ्यास पाडणें ओघानेंच येतें. म्हणून धांवण्यासच मनाई केली. लक्ष्य समोर असलें म्हणजे जोर चालतो. म्हणून तें डोक्यावर, दहा फूट उंचीवर ठेवलें. संस्थेच्या रखवालदारानें पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाला ठोकल्या, तेरा नियम फळ्यावर लावले, आणि डिसेंबरांत खेळ सुरू झाला. पहिल्या सामन्यांत एकदांच चेंडू टोपलींत पडला!

१८९८ सालीं डेन्व्हर येथें वैद्यकीची पदवी मिळवून ते कॅन्सस विद्यापीठांत प्रार्थनामंदिराचे प्रमुख व व्यायामशिक्षक म्हणून रुजू झाले. तेथें बास्केटबॉलचा संघही त्यांनींच उभा केला. १८९९ सालच्या पहिल्याच सामन्यांत तो सोळा विरुद्ध पांच असा हरला. १९०७ पर्यंत त्यांच्या हाताखालीं पंचावन्न सामने जिंकले गेले व साठ हरले. जनकच आपल्या खेळांत हरावा, ह्याचें कोणासही नवल वाटेल. पण नाइस्मिथ यांना त्याचें वैषम्य नव्हतें. खेळ हा खेळण्यासाठीं आहे, त्यांत शिकविण्यासारखें फारसें नाहीं, असें त्यांचें मत होतें. कित्येकदां तर ते पंचाचेंच काम करीत.

ह्या बाबतींत शिष्यानें गुरूचें ऐकलें नाहीं. फॉग अॅलन ह्यांनीं बास्केटबॉल शिकविण्याचाच व्यवसाय केला आणि कॅन्सससाठीं पांचशें नव्वद विजय मिळविले. त्यांच्या हाताखालून अॅडॉल्फ रप व डीन स्मिथ हे नामांकित शिक्षक निघाले. ही सारी वंशावळ त्या साठ पराभवांच्या गुरूपर्यंत जाऊन पोंचते.

आणखी एका शिष्याचा उल्लेख केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. १९३३ सालीं जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय तरुण कॅन्ससला आला. वर्णभेदामुळें संघाचें दार त्यास बंद होतें. वृद्ध नाइस्मिथ यांनीं त्यास जवळ केलें आणि त्याच्या शिक्षणास दिशा दिली. पुढें ह्याच मॅक्लेंडननीं टेनेसींतील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाच्या संघास १९५७ पासून लागोपाठ तीन वर्षें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलें.

पहिल्या महायुद्धांत, वयाची पंचावन्न वर्षें उलटलीं असतां, नाइस्मिथ फ्रान्समध्यें सैनिकांच्या सेवेस गेले व १९१९ पर्यंत तेथें राहिले. आपल्या खेळापासून त्यांनीं धन जोडलें नाहीं. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला, तेव्हां क्रीडाशिक्षकांनीं वर्गणी जमवून त्यांना तेथें पाठविलें. भर पावसांत, चिखलांत अंतिम सामना झाला. एका बाजूस त्यांची जन्मभूमि कॅनडा, दुसऱ्या बाजूस त्यांनीं १९२५ सालीं नागरिकत्व पत्करलेली अमेरिका! अमेरिका जिंकली, पण त्या दिवशीं नाइस्मिथ यांच्या दृष्टीनें कोणीच परका नव्हता. २८ नोव्हेंबर १९३९ रोजीं लॉरेन्स येथें त्यांचें देहावसान झालें.

नाइस्मिथ आमच्या पंथाचे नव्हते. तथापि चांगुलपणा जेथें दिसेल तेथें त्याचा आदर करणें आम्हीं आपलें कर्तव्य समजतों. मुलांच्या यशाची मोजदाद करीत बसणाऱ्या आम्हां आईबापांस व गुरुजनांस ह्या चरित्रापासून एक बोध घेण्याजोगा आहे: मुलगा किती वेळां जिंकला ह्यापेक्षां तो कसा माणूस झाला, हें आधीं पाहावें.