चोडणच्या अभयारण्याचे सलीम अली

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेटावरचे पक्षी अभयारण्य लागते. त्याला डॉ. सलीम अली यांचे नाव दिले आहे.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लवकर वारले. मामांनी त्यांना वाढवले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिचा गळा पिवळा होता. हा पक्षी कोणता, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तेथील पक्षी पाहून त्यांना जन्मभराचा छंद लागला.

त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. १९३० मध्ये नोकरीही गेली. तेव्हा ते पत्नीसह अलिबागजवळ किहीमला राहिले. रिकामे न बसता त्यांनी घराजवळची सुगरणींची घरटी महिनोन्‌महिने न्याहाळली. घरटे नर विणतो आणि मादीला पसंत पडले तरच ती त्यात राहते, हे त्यांनी बारकाईने नोंदवले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी ते निवर्तले.

चोडणला सहलीला जाल तेव्हा गडबड करू नका. सोबत वही न्या. अनोळखी पक्षी दिसला, तर त्याचे नाव जरूर विचारा. सलीम अलींची सुरुवात त्याच प्रश्नाने झाली होती.