तान्ह्या मुलांचे डॉक्टर : थिओडोर एशेरिख

मुलाच्या नाकांत, घशांत किंवा पोटांत जंतु सांपडले कीं मूल आजारी आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. निरोगी तान्ह्या मुलांच्या नाकांतही न्यूमोनिया उत्पन्न करणारे जंतु वस्ती करून असूं शकतात आणि बहुधा त्यांस कांहीं अपाय करीत नाहींत, हें आज वैद्यकशास्त्रास पुरतें ठाऊक आहे. परंतु आजाऱ्याचे जंतु ओळखावयाचे तर आधीं निरोग्याचे पाहिले पाहिजेत, ही दृष्टि ज्या थोड्या पुरुषांनीं प्रथम धरली, त्यांपैकीं एकाची हकीकत आम्ही येथें देत आहों.

एशेरिख यांचा जन्म बव्हेरियांतील आन्सबाख या गांवीं २९ नोव्हेंबर १८५७ रोजीं झाला. वडील डॉक्टर होते. थिओडोर पांच वर्षांचा असतां आई वारली. मुलगा मोठा खोडकर निघाला, म्हणून बाराव्या वर्षीं त्यास ऑस्ट्रियांतील फेल्डकिर्ख येथें जेझुइट पाद्र्यांच्या शाळेच्या वसतिगृहांत धाडण्यांत आलें. (आमच्या वसतिगृहांतील कित्येक मंडळींस ही हकीकत ओळखीची वाटेल!) पुढें १८८१ सालीं ते डॉक्टर झाले.

त्या काळीं युरोपांतील मोठ्या शहरांत हगवणीनें तान्हीं मुलें फार दगावत. याचें कारण कोणता जंतु, हें शोधण्यास अनेक विद्वान लागले होते. एशेरिख यांनीं म्युनिक येथें उलट टोंकाकडून आरंभ केला. ज्या मुलांस कांहीं झालेलें नाहीं, जीं आईच्या दुधावर सुखानें वाढत आहेत, त्यांचा मळ ते तपासूं लागले. काम किळसवाणें खरें. पण आमच्या मतें त्यांचा मोठेपणा येथेंच आहे. नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या पहिल्या मळांत त्यांस जंतु आढळेनात. कांहीं तासांतच मात्र ते बाहेरून प्रवेश करीत, आणि दूध सुरू झालें म्हणजे त्यांच्या जाती बदलत. कॉख यांच्या पद्धतीनें एकेक जात निराळी वाढवून त्यांनीं तिचे गुणधर्म लिहून ठेविले. त्यांतील एका आंखूड काडीसारख्या जंतूस त्यांनीं बॅक्टेरियम कोलाय कम्यून, म्हणजे मोठ्या आंतड्यांतील सर्वसाधारण जंतु, असें नांव दिलें. हा शोध त्यांनीं १८८५ सालीं एका विद्वत्सभेपुढें मांडला व पुढील वर्षीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९१९ सालीं या जंतूस त्यांच्याच नांवावरून एशेरिखिया हें नांव मिळालें, ई. कोलाय म्हणून तो आमच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्याच्या कांहीं उपजाती हगवण उत्पन्न करितात हें मागाहून उघड झालें. परंतु निरुपद्रवी कोणता हें ठाऊक नसतें, तर त्या ओळखल्या कशा गेल्या असत्या?

१८९० पासून ते ग्राझ येथें प्राध्यापक होते व १९०२ सालीं व्हिएन्ना येथील सेंट ॲना बाल-रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांचा मुलगा लिओ अवघा दहा वर्षांचा असतां आंत्रपुच्छाच्या दाहानें वारला. ज्यानें आपलें तारुण्य आंतड्यांच्या अभ्यासांत घालविलें, त्याच्याच घरीं हा घाला पडावा!

१९०३ सालीं त्यांनीं व्हिएन्नांत तान्ह्या मुलांच्या रक्षणासाठीं एक संस्था काढली. मातांनीं मुलांस अंगावरचेंच दूध पाजावें, याविषयीं त्यांचा फार आग्रह असे. आणि तो नुसत्या व्याख्यानांत नव्हे, तर गरीब वस्तींतील मातांपर्यंत पोंचविण्यासाठीं ते अखेरपर्यंत झटले. १५ फेब्रुवारी १९११ रोजीं, वय त्रेपन्न असतां, व्हिएन्ना येथें त्यांचें देहावसान झालें.